एलनशेजारची जागा

टूवूंबा,
१६ मार्च २०२५

चि. सौ. रेखास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी हाती आलं. मी एक अख्खा महासागर ओलांडून तुझ्या जवळ राहायला आलो, हे टपालखात्याला अजून कळलेलं दिसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ऑस्ट्रेलियात, डँडेनॉन्गहून इथे यायलाही ते आपला वेळ घेतंच. मिताली म्हणते, आत्याला फोन कर. पण तुला फोन लावला की मागून प्रल्हादराव बोलतात, दुकानातलं गिऱ्हाईक बोलतं, आणि मधेच तू कोणाला तरी तूरडाळ कुठल्या फळीवर आहे ते सांगतेस. चाळीस वर्षं आपण पत्रांवर काढली. उरलेलीही काढू.

माझं बरं चाललं आहे. मिताली हॉस्पिटलात आठवड्यातून दोनदा तरी उशिरा सुटते. मग मी खिचडी टाकतो आणि ती उभ्याउभ्या खाते. चाळिशीकडे झुकलेल्या डॉक्टरीणबाईंना बसून जेव म्हणून सांगायला घरात कोणी तरी लागतंच. या गावात गाडीशिवाय माणूस पांगळा, पण मी जन्मभर अमेरिकेत उजव्या बाजूने गाडी चालवलेली, म्हणून तिने किल्ल्या लपवून ठेवल्या आहेत. मी चालत लायब्ररीत जातो.

तिथल्या ज्येष्ठांच्या मंडळाने मागच्या आठवड्यात मला बोलायला लावलं. विषय, अमेरिकेतला धर्म आणि राजकारण. त्यांची अपेक्षा होती की मी कोणाला तरी शिव्या घालीन. मी आपला आमच्या ओहायोतल्या गावातल्या दोन चर्चची गोष्ट सांगत बसलो. पहिल्या महायुद्धात प्रवचन जर्मन भाषेत की इंग्रजीत, यावरून एका चर्चची दोन झाली आणि ती अजून रस्त्याच्या दोन बाजूंना एकमेकांकडे बघत उभी आहेत. मंडळी जराशी हिरमुसली. एका आजोबांनी विचारलं की साताऱ्याच्या हिंदूने ख्रिस्ती पोरांना ख्रिस्ती धर्माचा इतिहास शिकवायचा, हे जमलं कसं. मी सांगितलं की सुरुवातीला शेतकऱ्यांची पोरं तासानंतर थांबून विचारायची, सर, तुमच्या आत्म्याचं काय होणार. एकाने तर माझ्यासाठी प्रार्थनाही सुरू केली होती. तेव्हा मला राग यायचा. शेवटच्या वर्षांत पोरं परीक्षेला काय येणार एवढंच विचारायची आणि यंत्राकडून लिहून आणलेले निबंध द्यायची, फार सभ्य निबंध. तेव्हा मला त्या जुन्या पोरांची आठवण यायची. निदान त्यांना माझी काळजी होती.

एलनला जाऊन या आठवड्यात वर्ष झालं. तुझा व्हिसा वेळेवर झाला नाही आणि तुला येता आलं नाही, ही रुखरुख तुलाही आहे, मलाही. बर्फ वितळल्यावर हॅरॉल्डने, म्हणजे तिच्या थडग्यावरचं गवत कापणाऱ्या आमच्या शेजाऱ्याने, तिथल्या दगडाचा फोटो काढून पाठवला. मितालीने छापून आणला, तो सोबत ठेवतो आहे.

मितालीला मी इथे कायमचं राहावं असं वाटतं. कागद आणून ठेवले आहेत. मी ईस्टरनंतर बघू म्हटलं आहे.

प्रल्हादरावांना नमस्कार सांग. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा


डँडेनॉन्ग,
२५ मार्च २०२५

ती. दादास,
रेखाचे सा. न. वि. वि.

तू इतिहासाचा प्राध्यापक असशील, पण पाकिटात काय घालावं याची अक्कल तुला नाही. तुझं पत्र मी दुकानातच फोडलं. फोटो आधी हाताला लागला. वहिनीचं नाव वाचलं, डोळे भरून आले. मग शेजारी बघते तर तुझं नाव. जन्मसाल, पुढे एक रेघ, आणि रेघेच्या पुढे कोरी जागा. तुझ्या हातचं पत्र त्याच पाकिटात होतं, तरी एक क्षण मला वाटलं की तू गेलास आणि मला कोणी कळवलंच नाही. समोरच्या बाईंना हळदीच्या जागी बेसन बांधून दिलं. त्या परत आल्या तेव्हा मला कळलं.

प्रल्हाद म्हणतात, तिकडची रीतच आहे, इथल्या दफनभूमीतही असे दगड असतात, नवराबायकोचे जोडीचे. असतील. आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला चुकून हार घातला तरी घरात आठवडाभर कोणी धड जेवत नाही. आणि इथे नाव कोरून, साल कोरून, पुढची जागा मोकळी सोडून बसलेत. कोणाची वाट बघतात, दादा? मी फोटो देव्हाऱ्यात ठेवू शकत नाही आणि टाकू तर मुळीच शकत नाही. पापडाच्या डब्याखाली पालथा ठेवलाय. वहिनीची माफी मागितली.

तू गेलास तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आईच्या वेळी तू पोचलास ते तेराव्याला. मी तुला कधी बोलले नाही, आताही बोलत नाही. पण आत्ता कुठे तू ब्रिस्बेनवरून एका विमानाच्या अंतरावर आलायस. दिवाळीला तू इथे आलास, फोस्टर स्ट्रीटवर माझ्याबरोबर हिंडलास, जिलबी खाऊन सदऱ्यावर पाक सांडलास, तेव्हा मला वाटलं, मिळाला एकदाचा. आता तो दगड मला सांगतोय की तू तिकडचाच.

ते कागद ईस्टरच्या आधीच सही कर. आणि त्या दगडाचं काही तरी बघ.

आशीर्वाद असू दे. रागावलेली असले तरी तुझीच,
रेखा


टूवूंबा,
६ मे २०२५

चि. सौ. रेखास,
पापडाच्या डब्यासह अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी हसलो आणि मग मला वाईट वाटलं. फोटो पाठवताना माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्या गोष्टीकडे रोज बघतो तिचं नवल उरत नाही. प्रल्हादराव बरोबर सांगतात, ती तिकडची रीत आहे. एलनने आजारपणात स्वतः लक्ष घालून दोन्ही नावं कोरून घेतली. त्या कोऱ्या जागेची मला भीती वाटत नाही. चाळीस वर्षं मी मेलेल्या माणसांबद्दलच लिहीत आलो.

शनिवारी इथली निवडणूक झाली. मला मत नाही, पण मितालीबरोबर शाळेच्या पटांगणात गेलो. इथे मतदान सक्तीचं आणि सॉसेज ऐच्छिक. लोक कुत्री घेऊन, पावात सॉसेज गुंडाळून रांगेत उभे, आणि सगळ्या पक्षांचे स्वयंसेवक एकाच झाडाच्या सावलीत. मला ते बघून मत्सर वाटला. ओहायोत निवडणुकीच्या वर्षी आमच्या गल्लीत प्रत्येक हिरवळीवर पाट्या लागायच्या, आणि पाट्या बघून लोक कोणाच्या बाजूने चालायचं ते ठरवायचे. हॅरॉल्डची पाटी आमच्या बरोब्बर उलटी, वर झेंडा. पण बर्फ पडला की आमच्या दारातलं फावड्याने तोच काढायचा. मी त्याच्याशी कधी राजकारण बोललो नाही आणि तोही माझ्याशी देवाबद्दल बोलला नाही. बहुधा म्हणूनच टिकलं.

अमेरिकेत देवही निवडावा लागतो, रेखा. जन्माने मिळाला तरी पुन्हा निवडावा लागतो, मोठ्याने, चार लोकांत. म्हणून तिथे धर्माला निवडणुकीचा वास येतो आणि निवडणुकीला प्रवचनाचा. आमच्या कॉलेजात एका पालकाची तक्रार होती की मी श्रद्धेची टिंगल करतो, आणि एका विद्यार्थिनीची तक्रार होती की मी पाद्र्यांचं फार कौतुक करतो. डीनने दोन्ही अर्ज एकाच फायलीत लावून टाकले. पुढे धर्म-इतिहासाचा विभागच बंद झाला, तेव्हा फायलीचंही कोणाला काही राहिलं नाही. विश्वस्तांनी मतदान घेतलं आणि आम्हाला ईमेलने कळवलं. माझी पुस्तकं लायब्ररीने दारात टेबल मांडून फुकट वाटली. मी स्वतः दोन उचलून आणली.

इथे टूवूंबात चर्च खूप, पण देवाबद्दल कोणी विचारत नाही. सकाळी फिरायला निघालो की धुक्याबद्दल विचारतात. मला ते आवडायला लागलं आहे. तर तुझ्या माहितीसाठी, मी राहायचं ठरवलं आहे. मितालीला सांगितलं, तेव्हा ती फ्रिज आवरत बसली. अगदी तिच्या आईसारखी. कागद या महिनाअखेर भरू.

आता तरी फोटो सुलटा कर. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


डँडेनॉन्ग,
१४ मे २०२५

चि. मितालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

बाबा राहणार हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले. कारण सांगितलं नाही, नाही तर भाऊ काय आजारी होता की काय म्हणून विचारत बसले असते.

पण बाळा, फोनवर तुला म्हटलं होतं ते विसरू नकोस. आता तो इथेच राहणार, मग तिकडे दगडावर त्याचं नाव कशाला? वहिनीचं राहू दे, मानाने राहू दे. बाबाचं नाव तेवढं काढून घ्यायला सांग. मला रात्री डोळा लागला की ती कोरी जागाच दिसते. तुझ्या आईच्या चर्चला तू लिहिलंस तर ते ऐकतील, तू तिची मुलगी आहेस. बाबाला विचारू नकोस. तो प्राध्यापक आहे, विचारलं की तासभर व्याख्यान देईल आणि होय की नाही ते शेवटपर्यंत सांगणार नाही.

वेळच्या वेळी जेवत जा. तुझ्यावर जीव असलेली,
आत्या


टूवूंबा,
२ जून २०२५

डिअर आत्या,
नमस्कार.

माझं मराठी टायपिंग स्लो आहे, सो सॉरी. फोनवर मी नीट बोलू शकणार नाही, म्हणून लिहिते.

तू सांगितल्याप्रमाणे मी चर्चच्या सेक्रेटरीला, डोरोथीला ईमेल केली. इतकंच विचारलं की बाबा आता ऑस्ट्रेलियात सेटल होतोय, तर स्टोनवरचं त्याचं नाव काढायला काय प्रोसेस आहे. खरं सांगू, फक्त तुझ्यासाठी नाही केलं. मलाही ते नाव नको होतं. मला वाटायचं, ते नाव तिथे आहे तोपर्यंत तो माझ्याकडे गेस्ट आहे.

डोरोथीने मला रिप्लाय केलाच नाही. नाव बाबाचं, म्हणून तिने बाबालाच लिहिलं. शनिवारी ब्रेकफास्टला त्याने ते वाचलं. दोनदा वाचलं. मग कोट घातला आणि बाहेर गेला. मला वाटलं वॉकला गेला. अर्ध्या तासाने मी गाडी घेऊन निघाले, तर तो बस स्टॉपवर बसलेला. बाहेर एवढं फॉग, आणि आमच्या इथे वीकेंडला बस जवळजवळ नसतेच. मी म्हटलं, बाबा, कुठे चाललास. तो म्हणाला, एअरपोर्टची बस इथून मिळते का ते बघत होतो. मी सॉरी म्हटलं, तर म्हणाला, नो वरीज. आत्या, बाबा कधी नो वरीज म्हणत नाही.

आता तो ऑगस्टचं तिकीट बघतोय, वन वे. व्हिसाचे फॉर्म्स टेबलवर तसेच पडलेत. मी काय तोडलं तेच मला कळत नाहीये, कारण तो सांगतच नाही. तू त्याला लिही. तुझ्या पत्राला तो नेहमी उत्तर देतो.

लव्ह,
मिताली


टूवूंबा,
४ जून २०२५

चि. सौ. रेखास,
आशीर्वाद.

मितालीने कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं ते मला माहीत आहे, म्हणून हे पत्र तुला. मी रागावलो आहे. रागावलेल्या माणसाने पत्र टाकू नये असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे, तरी टाकतो आहे.

तुला मी ती रीत आहे म्हणून सांगितलं, ते अर्धंच होतं. बाकीचं मितालीलाही माहीत नाही. ती इकडे होती, आणि एलनने मला सांगू दिलं नाही. एलनच्या चर्चचा स्थापनेपासूनचा नियम असा की दफनभूमीत जागा फक्त बाप्तिस्मा झालेल्या सभासदांना. मी चाळीस वर्षं तिच्या शेजारी बाकावर बसलो, त्यांच्या तळघरातल्या जेवणावळींना बटाट्याची भाजी करून नेली, त्यांचा इतिहास लिहिला, पण सभासद झालो नाही. खोटं बोलून होणं मला शक्य नव्हतं आणि एलनने कधी मागितलंही नाही. आजार हाताबाहेर गेल्यावर तिने पाद्रीणबाईंना एवढंच विचारलं की माझा नवरा माझ्या शेजारी येऊ शकेल का. पाद्रीणबाई म्हणाल्या, मंडळीचं मत घ्यावं लागेल.

अशा मतदानांवर मी आयुष्यभर लिहिलं, रेखा. कोण उठलं, कोण बसून राहिलं, कोण दुसऱ्या दिवसापासून रस्त्याच्या पलीकडच्या चर्चमध्ये जायला लागलं. आणि त्या रविवारी माझ्यावरच मतदान होतं. सभा तळघरात होती, आणि सभासद नसल्यामुळे मला वर, चर्चच्या रिकाम्या बाकांवर थांबावं लागलं. खालून खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता. मला माझ्या पीएचडीच्या परीक्षेतही इतकी भीती वाटली नव्हती. एक जण खाली म्हणाला म्हणे, आज हा, उद्या कोण. राजकारणातलं वाक्य होतं, टीव्हीवरून थेट तळघरात आलेलं. ठराव झाला, पण एकमताने नाही. एक कुटुंब चर्च सोडून गेलं. त्यांच्या मुलीला मी शिकवलं होतं.

हॅरॉल्डही त्याच चर्चचा सभासद, आणि त्याने विरोधात मत दिलं. मला हे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून तो स्वतः वर आला, टोपी हातात घेऊन, आणि म्हणाला की नियम हा नियम, माझं मत तुमच्या विरुद्ध गेलं. आणि त्याच आठवड्यात दगडासाठी पाया खणायला तोच आला, कारण थंडीने जमीन कडक होण्याआधी ते काम व्हायला हवं होतं. याला थोरपणा म्हणावं की काय म्हणावं, मला ठरवता आलेलं नाही. मला त्याचा रागही आहे आणि मी त्याला दर महिन्याला पत्रही लिहितो. कॉलेजच्या विश्वस्तांपैकी एकही असा टोपी हातात घेऊन आला नाही.

एलनने माझं नाव तेव्हाच का कोरून घेतलं ते आता तुला कळेल. ठराव बदलता येतो. नवे लोक येतात, पाद्री बदलतो, वारा फिरतो. तिला माहीत होतं, कारण मीच तिला रोज जेवताना असल्या गोष्टी सांगत असे. कोरलेलं नाव सहसा कोणी खोडत नाही. आणि डोरोथी लिहिते की मी ती जागा सोडत असेन तर परवानगी संपेल, आणि पुढे मागे पुन्हा हवी असेल तर पुन्हा मत घ्यावं लागेल. त्या पाद्रीणबाई आता तिथे नाहीत. तेव्हाचे निम्मे लोक नाहीत. आज मत घेतलं तर मी हरेन, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

मला अमेरिकेने नागरिक केलं ते कोर्टात, शंभर माणसांच्या घोळक्यात. पण मला माझं म्हणून कोणी घेतलं असेल तर ते त्या तळघरात, भांडून, नाराजीने, थोड्याशा मतांनी. तेवढंच माझ्याजवळ आहे. मी इथून ते राखू शकेन असं मला वाटत नाही. परत जाऊन तिथे राहावं म्हणतो. डोरोथीला अजून उत्तर दिलेलं नाही.

तुझा,
दादा


डँडेनॉन्ग,
१३ जून २०२५

ती. दादास,
रेखाचे शि. सा. न.

तुझं पत्र मी दुकान बंद करून, आतल्या पोत्यांवर बसून वाचलं. प्रल्हाद दोनदा डोकावून गेले. मग त्यांच्या हातात दिलं. वाचून झाल्यावर त्यांनी पत्राची नीट घडी घालून ते मला परत दिलं.

चूक माझी आहे. पोरीला बोल लावू नकोस, तिने माझं ऐकलं. मी न विचारता तुझ्या संसारात हात घातला. मला ते नाव म्हणजे मरण वाटलं. वहिनीने तुला जागा धरून ठेवली होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आजारी बाई, धड उभी राहू न शकणारी, आणि नवऱ्याची सोय करून गेली. मी तिला एकदाच भेटले, तेव्हा ती माझ्या चकल्या मोडत होत्या म्हणून पिठात लोणी कमी घाल म्हणाली होती. मला राग आला होता. लोणी खरंच जास्त होतं.

आता माझं ऐक, आणि मधे व्याख्यान देऊ नकोस. डोरोथीला आजच्या आज लिही की नाव राहील, जागा राहील, मुलीचा गैरसमज झाला होता. मितालीही लिहील. मीही लिहीन, माझ्या इंग्रजीत, त्यांना समजेल तेवढं समजेल. सगळा दोष माझ्यावर घाल. भारतातून आलेली एक अडाणी बहीण आहे म्हणून सांग, तिकडे चटकन पटेल.

पण जागा राखायला तिथे जाऊन बसायचं कशाला? तू इथे असलास तरी वहिनी तिथे आहे, हॅरॉल्ड गवत कापतो आहे, आणि तू दर महिन्याला पत्र टाकतोस. दादा, तू तिथे गेलास तर रिकाम्या घरात एकटा त्या दगडाकडे बघत दिवस काढशील. मिताली परत उभ्याउभ्या जेवायला लागेल. आणि मी परत पोस्टमनची वाट बघत बसेन, या वयात, गुडघे हे असे. जगायला तू इथे राहा. एवढं मला दे.

पुढचं माझ्यावर सोड. मी तुझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे, गुडघे सोडले तर धडधाकट आहे. वेळ येईल तेव्हा मी तुला तिथे नेईन. प्रल्हाद म्हणतात, हिला शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी सापडत नाही, ही ओहायो काय शोधणार. पण ते बरोबर येणार आहेत, आणि मिताली असेलच. कालच पासपोर्टची मुदत वाढवायला दिली. अमेरिकेच्या व्हिसाचंही आत्ताच बघते, म्हणजे वहिनीच्या वेळेसारखं होणार नाही. अस्थी चालतात का तेवढं डोरोथीला विचारून ठेव. आणि एक मूठ मी ठेवून घेणार, साताऱ्याला माहुलीच्या संगमावर नेण्यासाठी. तेवढा माझाही हक्क आहे, त्यावर मतदान नको.

फक्त मला त्यांच्या रीती माहीत नाहीत. तिथे उभं राहून काय म्हणायचं, काय करायचं, ते मला लिहून कळव. मी जसंच्या तसं करीन.

फोटो डब्याखालून काढला. वहिनीच्या नावावर कुंकू लावलं, तुझ्या नावाला हात लावला नाही.

चुकलेल्या बहिणीवर लोभ असू दे.

तुझी,
रेखा


टूवूंबा,
२४ जून २०२५

चि. सौ. रेखास,
दादाचे खूप खूप आशीर्वाद.

डोरोथीला त्याच दिवशी लिहिलं. तिचं उत्तर आलं की नाव जिथे आहे तिथेच राहील, आणि अस्थीही चालतात. मितालीला मी सगळं सांगितलं, ते मतदान, हॅरॉल्ड, तिची आई. आम्ही जेवायला बसलो होतो. ती उठली नाही, शेवटपर्यंत बसून जेवली, रडत रडत. मग म्हणाली, बाबा, यू शुड हॅव टोल्ड मी. तिचं बरोबर होतं. इतरांच्या भांडणांवर मी पुस्तकं लिहिली आणि स्वतःची गोष्ट पोरीला सांगितली नाही.

तिकीट काढलं नाही. कागदांवर रविवारी सह्या केल्या. मी राहतो आहे, रेखा. आनंदाने राहतो आहे. तुला पुन्हा पोस्टमनच्या नादी लावायची माझी इच्छा नाही, जरी पत्रं मी टाकणारच.

तिथे काय करायचं म्हणून विचारलंस. काही करू नकोस. प्रार्थना त्यांचा पाद्री म्हणेल, ती इंग्रजीत असेल, तू नुसती उभी राहा. पण एक काम आहे. त्या गावात मी प्रोफेसर होतो, हॅरॉल्डचा पॅडी होतो, एलनही मला पॅड म्हणायची. दगडावर माझं नाव पूर्ण आहे, पण ते तिथे आजवर कोणी नीट उच्चारलेलं नाही, आणि दादा तर कोणीच म्हटलेलं नाही. तेव्हा पाद्र्याचं झालं की तू साताऱ्याला जेवणाच्या वेळी मला हाक मारायचीस, तशी एकदा हाक मार. अगदी तशीच, वैतागून. लोक बघतील, बघू देत. आणि उत्तर आलं नाही म्हणून रडू नकोस. हातात पुस्तक असलं की मी तेव्हाही ओ देत नसे. पण हाक मला ऐकू यायची, प्रत्येक वेळी.

तुझा,
दादा